विचारणाऱ्याचं देणं

आमच्या आई-मावश्यांच्या काळी मुलगी बघायला मंडळी येत. चहा-पोहे होत, गाणं म्हणून घेतलं जाई, याद्या बोलल्या जात. सगळं जमत आलं की घरातलं एखादं मोठं माणूस म्हणे, "अहो, मुलीलाही एकदा विचारा." मग दहा-बारा माणसांसमोर, दारात उभ्या असलेल्या त्या मुलीला विचारलं जाई. ती मान खाली घाली. मागून कुणीतरी हसून सांगे, "तिची काही हरकत नाही." पेढा फुटे.

त्या विचारण्यात खोटं काय होतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला आहे. शब्द खरे होते. विचारणारा माणूसही वाईट नसे, उलट तिथे बसलेल्यांत तोच जरा सुधारक. तिने "नको" म्हटलं असतं तर काय, एवढं मात्र कुणीच ठरवलेलं नसे. "नको" या उत्तरासाठी त्या घरात जागाच नव्हती. उत्तराला जागा नसताना केलेला प्रश्न मग प्रश्न राहतो का?

वर्तमानपत्रात सरकारी सूचना येतात. अमुक शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर तीस दिवसांत "हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत." हा 'हरकत' शब्द वाचला की मला ती दारातली मुलगी आठवते. तीस दिवस संपले की आपणही सगळे "हरकत नाही" वाले होऊन जातो.

कारंजाहून लग्न होऊन भोपाळला आले त्याला आता तीस वर्षं होतील. या गावावर माझा जीव आहे. मोठा तलाव, उतारावरची वस्ती, जुन्या शहरातल्या गल्ल्या आणि नव्या शहरातली झाडं. म्हणून या गावाच्या बाबतीत कुणाला काय विचारलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, याकडे माझं लक्ष असतं.

भोपाळच्या विकास आराखड्याची मुदत २००५ साली संपली. पुढचा, २०३१ पर्यंतचा मसुदा आला तो मार्च २०२० मध्ये. पंधरा वर्षं मसुदा नव्हता, आणि आला त्याच महिन्यात देशभर टाळेबंदी लागली. लोक घरात कोंडलेले, औषधाच्या दुकानापर्यंत जायची चोरी, आणि आराखड्यावर मत द्या! पुढे २०२३ मध्ये दुरुस्त मसुदा आला, पुन्हा हरकती मागवल्या गेल्या, सुनावण्या झाल्या. तलावाच्या पाणलोट क्षेत्रात किती बांधू द्यायचं, यावरून पुष्कळ वाद झाला. मोठा तलाव आणि छोटा तलाव मिळून जो भोज पाणथळ प्रदेश होतो त्याला २००२ साली रामसर यादीत जागा मिळाली आहे, आणि शहरातल्या कितीतरी घरांत याच तलावाचं पाणी येतं. त्यामुळे लोक बोलले ते काही हौसेनं नाही. पण आराखड्याचे नकाशे समोर ठेवून बसलं तर माझ्यासारखी बी. ए. झालेली बाईसुद्धा गोंधळते. पिवळा रंग म्हणजे वस्ती, हिरव्यात तीन छटा, आणि 'चटई क्षेत्र निर्देशांक' नावाचं एक प्रकरण. जिला हे वाचताच येत नाही तिला तीस दिवस दिले काय आणि तीनशे दिले काय.

आमचे हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याशी या विषयावर माझं नेहमी वाजतं. त्यांचं म्हणणं, "सगळ्यांचं ऐकत बसलं तर एक पूल उभा राहणार नाही. कुणाची भिंत जाते, कुणाचा वड जातो. शेवटी कुणीतरी ठरवावंच लागतं ना?"

यात तथ्य आहे, नाही असं नाही. आणि त्यांच्या वाक्यातच मला एक धागा सापडला. आपल्या मराठीत 'ऐकणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रेडिओ ऐकला, हा एक. "आमचा बंटी अजिबात ऐकत नाही," हा दुसरा. दुसऱ्या अर्थात ऐकणं म्हणजे सांगितल्याप्रमाणे करणं. साहेब लोक घाबरतात ते या दुसऱ्या अर्थाला. त्यांना वाटतं, ऐकलं म्हणजे मानावं लागलं. म्हणून ते पहिल्या अर्थानं ऐकतात, रेडिओसारखं. आवाज येत असतो आणि हात आपलं काम करत असतात.

या दोन अर्थांच्या मधे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याला घरात रोज करावी लागते. मुलगी म्हणते, मला होस्टेलला राहायचंय. आपण तिचं सगळं ऐकतो. मग "नाही" म्हणतो, पण नाही का ते सांगतो. पैसे किती लागतील, आजीकडे कोण बघेल, पुढच्या वर्षी पाहू की नाही. ती रुसते, पण तिला एवढं कळतं की आपलं बोलणं आईच्या डोक्यापर्यंत गेलं होतं. तिचं मानलं नाही, पण तिला उत्तर दिलं. माझा सगळा आग्रह या उत्तराचा आहे. ज्यानं विचारलं त्याच्यावर उत्तराचं देणं चढतं. न विचारणाऱ्यावर दुसरे दोष येतील, हा येणार नाही. विचारून मुकाट राहिलात तर समोरच्याचा वेळ घेतलात, त्याची आशा घेतलीत, वर "लोकांना विचारूनच केलं" असं म्हणायची सोयही त्याच्याकडूनच घेतलीत. एवढं घेऊन काही न देणं, याला आपण व्यवहारात काय म्हणतो?

आपल्याकडे गृहस्थाला 'श्रावक' म्हणतात, बाईला 'श्राविका'. शब्दाचा अर्थच ऐकणारा, ऐकणारी. आणि समवसरणाची कल्पना पाहा. बारा सभा, त्यात देव, माणसं, पशुपक्षीही, आणि प्रत्येकाला ती वाणी आपापल्या भाषेत कळते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाघ आणि गाय शेजारी बसलेत याचंच नवल वाटे. आता नवल वाटतं ते भाषेचं. सगळ्यांना एकत्र बसवलं आणि नकाशाच्या भाषेत बोललं, तर ती सभा होत नाही.

भोपाळमध्ये ऐकण्याबद्दल बोलायचं आणि कार्बाइडचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. डिसेंबर १९८१ मध्ये त्या कारखान्यात फॉस्जीन वायूनं एक कामगार गेला. १९८२ पासून राजकुमार केसवानी हे पत्रकार आपल्या 'रपट' या छोट्याशा साप्ताहिकात या धोक्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत होते. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी 'जनसत्ता'तही लिहिलं. त्याच वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या मधली ती रात्र आली. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या जयप्रकाश नगरात राहणाऱ्यांना, इथे काय बनतं आणि गळालं तर कुठल्या दिशेला पळायचं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मग विचारणं तर फार लांबची गोष्ट. त्या काळी प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यायचा नियमही नव्हता. तो देशात १९९७ साली आला.

म्हणजे विचारणं ही नुसती सभ्यता नाही. लोकांना जे माहीत असतं ते ऑफिसात माहीत नसतं. मुंबईचा २०३४ चा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीच्या चुका दाखवल्या. उभ्या इमारतीवरून रस्ता, देवळाच्या जागी भलतंच आरक्षण. चुकांचा ढीग एवढा झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घ्यायला लावावा लागला आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं.

आमच्या इथलं बीआरटीएसचं उदाहरण मला जास्त जवळचं आहे, कारण त्यातून मी प्रवास केला आहे. बसचा वेगळा रस्ता, चोवीसेक किलोमीटरचा, २०१३ मध्ये सुरू झाला. बसथांबे रस्त्याच्या मधोमध. बसला ते सोयीचं असेलही. पण कडेवर मूल, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना धरलेली बाई त्या मधल्या थांब्यापर्यंत वाहनांतून कशी पोचणार, हा विचार आराखड्यात कुठे दिसला नाही. जानेवारी २०२४ मध्ये बैरागडपासून तो मार्ग उखडायला सुरुवात झाली. कारणं पुष्कळ दिली गेली, कोंडी वगैरे. मला आपलं वाटतं, सुरुवातीला पाच-पन्नास बायकांना उन्हात त्या रस्त्यावर उभं करून "इथून तिथे जाऊन दाखवा" म्हटलं असतं तरी पुष्कळ कळलं असतं.

आता ज्या गोष्टीनं मला हे लिहायला बसवलं तिच्याकडे येते.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळचं नाव आलं. ती शहरांची स्पर्धाच होती आणि तिच्यात नागरिकांच्या सहभागालाही गुण होते. (विचारण्याला मार्क! शाळेत हात वर करणाऱ्या मुलासारखं.) शहरभर लोकांची मतं मागवली गेली. कुणाला स्वच्छ भोपाळ नको असेल? लोकांनी हो म्हटलं. त्यासाठी शिवाजी नगर आणि तुळशी नगर हा भाग पाडून नव्यानं बांधायचा आहे, हे मात्र पुष्कळांना निवड झाल्यावर नीट कळलं. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, सरकारी क्वार्टर्स, ऐसपैस अंगणं, आणि पन्नास-साठ वर्षांची झाडं. भर उन्हाळ्यातही तिथून चालताना डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. लोक रस्त्यावर आले आणि सरकारनं माघार घेतली. त्याच वर्षी योजना टी. टी. नगरला हलली.

आठ वर्षांनी तेच. जून २०२४ मध्ये बातमी आली की याच शिवाजी नगर-तुळशी नगर भागात मंत्र्यांचे आणि आमदारांचे नवे बंगले होणार, आणि त्यासाठी सुमारे २९,००० झाडं जाणार. या वेळी बायका पुढे होत्या. झाडांना मिठ्या मारल्या, राख्या बांधल्या, पूजा केली. नगरविकास मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी १७ जूनला जाहीर केलं, हा प्रस्ताव रद्द, दुसरी जागा पाहू.

आमच्या महिला मंडळात त्या आठवड्यात पेढे वाटले गेले. मलाही खूप आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. सगळ्या बोलत होत्या, फोटो दाखवत होत्या. तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू, ज्या सहसा बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "मग आता ते बंगले कुठं होणार गं?"

एकीनं सांगितलं, "कुठेतरी होतील काकू, आपल्याला काय करायचंय?"

काकू म्हणाल्या, "नाही, मागच्या वेळी टी. टी. नगरला गेलं ना. माझी भाची राहायची तिथं क्वार्टरमध्ये."

पुढे कुणी काही बोललं नाही. पेढ्यांचा डबा फिरत राहिला.

टी. टी. नगरलाही झाडं होती. तिथेही क्वार्टर्स होते, लहान, आणि त्यांत राहणारेही लहान पगाराचे. ते पाडले गेले, झाडं तोडली गेली. आजही त्या बाजूनं रिक्षानं जाताना मोकळं पटांगण आणि उंच इमारती दिसतात, सावली शोधावी लागते. शिवाजी नगरचं ऐकलं गेलं, ते का? त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून, हे तर खरंच. पण तिथे निवृत्त अधिकारी होते, प्राध्यापक होते, ज्यांचा फोन उचलला जातो अशी माणसं होती, हेही खरं. ज्यांचं ऐकलं जाण्यासारखं आहे त्यांचं ऐकलं गेलं, आणि ओझं उचलून जरा कमी आवाजाच्या माणसांच्या दारात ठेवलं गेलं.

इथे माझी स्वतःशीच अडचण होते. 'विचारणाऱ्यावर देणं असतं' असं मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. मग सांगणाऱ्यावर काहीच नाही? मी जाऊन "माझं झाड वाचवा" म्हणते, तेव्हा ती कुऱ्हाड दुसरीकडे कुठे पडेल, हे विचारणं माझं काम आहे की नाही?

अनेकांत आपण सगळ्यांनी पाठशाळेत शिकलेला असतो. हत्ती आणि आंधळे, कुणाला सोंड, कुणाला शेपूट. त्याचा सोयीस्कर अर्थ आपण काढतो की सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर, तेव्हा भांडू नका. मला तो अर्थ पटत नाही. बोलताना मी कुठल्या बाजूनं बोलतेय हे मी सांगितलं पाहिजे, असा त्याचा अर्थ मला जास्त खरा वाटतो. "मी अमुक गल्लीत राहते, माझं घर पक्कं आहे, माझ्या घरी नळ येतो, आणि तिथून पाहता मला असं दिसतं." सरकारी माणसानंही तसंच सांगावं. मी रस्त्याच्या बाजूनं बोलतोय, तळ्याच्या बाजूनं बोलायला इथे कुणी नाही. एवढं कबूल केलं की न आलेल्या माणसाची खुर्ची निदान दिसायला लागते.

ह्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "खुर्ची दिसली, मग? निर्णय तर तोच होणार." कदाचित होईल. पण नेहमी तोच होतो असंही नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा गावं निवडली गेली. डोंगरिया कोंध लोक आपल्या भाषेत बोलले, न्यायाधीश समोर बसले होते, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही. तिथे "नको" या उत्तराला आधीपासून जागा ठेवलेली होती. शहरात वॉर्डातल्या दोनशे बायकांना अशा एका जागी बसवून कुणी विचारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ग्रामसभा गावाला आहे. मोठ्या शहरातल्या गल्लीला तिच्यासारखं काय आहे? मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, पण तिथे आपण आपलं गाऱ्हाणं घेऊन जातो, एकेकटे, अर्ज हातात धरून. शेजारणीचं काय हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि आता पिथमपूर. कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षं पडून राहिलेला विषारी कचरा, ३३७ टन, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून भोपाळहून निघाला. अडीचशे किलोमीटरवर, धार जिल्ह्यात पिथमपूरला, जाळण्यासाठी. आमच्याकडे पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सोडण्याचा हक्क भोपाळला नव्हता असं कोण म्हणेल? एवढं सोसलेलं गाव. पण ३ जानेवारीला पिथमपूर बंद होतं. लोक रस्त्यावर होते, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमचं विष आमच्याकडे आणताना आम्हाला विचारलंत का?

मग सरकारनं न्यायालयाकडे वेळ मागितला, लोकांना विश्वासात घ्यायला. हा आणखी एक शब्दप्रयोग, 'विश्वासात घेणं'. अधिकारी, तज्ज्ञ गेले, माहिती दिली, शंकांना उत्तरं दिली. ते करायलाच हवं होतं, त्यात वावगं काही नाही. पण ट्रक आधी पोचले आणि विश्वास मागून निघाला. सांगणं आणि विचारणं यांत फरक हा की विचारताना तुमच्या हातातली वस्तू अजून खाली ठेवलेली नसते. ती ठेवून झाल्यावर जे करतो ते समजावणं. सून घरात आल्यावर तिला "हे घर आवडलं ना?" म्हणणं आणि लग्नाआधी तिला घर दाखवणं, यातला फरक कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही.

आधी चाचण्या झाल्या, मग ३० जून २०२५ पर्यंत तो सगळा कचरा जाळून झाला. जाळताना त्यात चुना वगैरे घालावा लागतो, म्हणून जी राख उरली ती मूळ कचऱ्यापेक्षाही जास्त वजनाची. ती आता कुठेतरी पुरायची आहे. कुठल्या गावाच्या किती जवळ, यावर पुन्हा न्यायालयात वाद. परवा काकू आल्या होत्या. पेपर वाचत बसल्या होत्या. मी चहा आणला तर त्यांनी त्या बातमीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तिथं जवळ कुठली वस्ती आहे गं, यात नाव दिलेलं नाही."